गेलेला फेज

नवतप्याचा चवथा दिवस. पवनीच्या बसस्टँडवर
डांबर चपलेला धरून ठेवतं.
शटर अर्धं खाली, आत वार्निशचा वास,
जळक्या कॉइलचा काळा गठ्ठा, आणि मी,
ताराचंद रामटेके, मोटार रिवायंडिंग,
सबमर्सिबल एका दिवसात मिळेल असा बोर्ड आहे,
मिळत नाही.

भाची आली भर दुपारी, उत्पला, बेंगळुरूहून.
पोरगी फ्रीज बनवते असं तिच्या आईनं गावभर सांगितलेलं,
त्यामुळे सकाळपासून दोघं जण
आपापला बंद फ्रीज हातगाडीवर घेऊन येऊन गेले.

हसली. म्हणाली, फ्रीज आहे गा मामा,
पण त्यात पाण्याची बाटली ठेवत नाहीत.
जिथं थंडीच संपते, त्याच्या वीतभर अलीकडे पोचतो तो,
आणि तिथं तारेत रोध राहत नाही.
किती राहतो?
शून्य.
म्हणजे कमी?
शून्य, मामा.

तीस वर्षं रोध मोजतोय मी.
मीटरवर शून्य आलं की आमच्यात एकच अर्थ,
शॉर्ट आहे, सोल, नवी भर.

तिनं डबीतून चिप काढली. नखाएवढी.
ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मधे गंज.
मुद्दाम चढवलेला, मोजक्या अणूंचा थर.
जन्मभर पॉलिशपेपरनं घासून टाकला मी तो गंज,
ही पोट्टी त्याच्याकडूनच काम करून घेते!
करंट त्याच्या आरपार जातो, कोणी न ढकलता.
आणि एका सेलचा लाखावा हिस्सा दाब दिला,
सरळ, डीसी,
तर जाता जाता डुलायला लागतो,
सेकंदाला सातशे कोटी वेळा,
आणि त्या डुलण्यातून उजेड निघतो.
डोळ्याला न दिसणारा. मायक्रोवेव्ह.

डीसी घालून एसी. म्हणजे इन्व्हर्टर, मी म्हणालो.
हो म्हणाली. मग नाही म्हणाली. मग परत हो.

बाजूला नागमोडी पट्टी होती एक.
उजेड तिच्यात घुमतो, परत येतो,
गंजाला आपली चाल शिकवतो, गंज त्याला,
आणि थोड्या वेळानं सगळा उजेड
एका फेजमध्ये.

फेज म्हटल्यावर मी स्टूल पुढं ओढला.
हा शब्द आमचा आहे.
आसगावच्या डीपीवर तीन फेज लिहिलेत, येतात दोन.
तिसरा गेला की मोटार फिरत नाही,
जागच्या जागी घुमते, तापते,
आणि संध्याकाळी बैलगाडीत घालून माझ्याकडे येते.
गेलेल्या फेजवर माझं घर उभं आहे.

पण याचं करायचं काय?
तर म्हणे त्या थंडीत आणखी काही चिपा असतात,
हिशोब करणाऱ्या, फार हळव्या.
त्यांना मायक्रोवेव्हनं विचारावं लागतं.
विचारणारा आवाज जरा कापला
की त्या सगळं विसरतात.
आजवर आवाज बाहेरून सोडायचे, खोलीतून, लांब केबलनं,
येता येता गरमी सोबत घेऊन यायचा.

समजलं. उन्हातला काळा पाइप.
नळ सोडला की पहिलं पाणी अंगावर घेता येत नाही,
बादलीभर वाया घालवावं लागतं.

तेच, ती म्हणाली. आम्ही तर जवळपास सगळंच वाया घालवतो.
म्हणून आता विहीर आतच खोदली.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला,
वाळ्यातून टपटप थोडा वेळ चालू राहिली.
अंधारात मी चिप तळहातावर घेतली.
खराब आहे, ती म्हणाली, ठेव तुला.
गरमच लागली. इथं सगळंच गरम लागतं.

ती गेल्यावर रजिस्टर उघडलं.
गिऱ्हाईक: उत्पला. नग: एक.
हॉर्सपॉवर, हा रकाना रिकामा सोडला.
तक्रार, यात काय लिहावं सुचेना,
पेनाचं टोक तिथंच टेकवून बसलो,
तर कागदावर शाईचा ठिपका पसरत गेला
आणि बाहेर डीपीकडून कोणीतरी ओरडलं,
आली, पण दोनच.